सोलापूरहून येऊन एका दिवसात मुंबईचा नाताळ

सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरायचे, रात्री त्याच गाडीने परतायचे, बरोबर सासूबाई आणि दोन लहान मुले. अशा वेळी वांद्र्याची रोषणाई २४ डिसेंबरला पाहावी की २५ ला, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की दोन्ही दिवस टाळा आणि २६ ते ३० मधला, रविवार सोडून, कोणताही दिवस निवडा. घरांवरचे तारे आणि गव्हाणीचे देखावे परंपरेने ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत राहतात, त्यामुळे गर्दीखेरीज आपले काहीही हुकणार नाही.

माहीमला राहत असूनही मी एका वर्षी २४ च्या संध्याकाळी घरच्यांना घेऊन वांद्र्याच्या हिल रोडला गेलो होतो. रिक्षा मिळेना, एरवी वीस मिनिटांत संपणाऱ्या स्टेशनच्या वाटेला तासाहून अधिक वेळ लागला आणि पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेईपर्यंत दिसल्या त्या फक्त माणसांच्या पाठी. २५ च्या सकाळी चर्चमध्ये उपासना चालू असते. तेव्हा मोबाईल उंचावून आत फिरणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

सीएसएमटीला उतरून नाश्ता झाला की हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलपर्यंत चालत जा. पंधरा मिनिटे पुरतात. हे चर्च १७१८ साली नाताळच्याच दिवशी उपासनेसाठी खुले झाले. जुन्या किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चच्या बाजूला होता त्याला चर्चगेट म्हणत. तटबंदी पाडली गेली, नाव मात्र रेल्वे स्थानकाला राहिले, हे मुलांना तिथेच उभे राहून सांगा.

तिथून हुतात्मा चौकाच्या मेट्रो स्थानकातून तिसरे स्थानक गिरगाव. खोताची वाडी पाहण्यासाठी हाताशी चांगला दीड तास ठेवा, कारण माझ्या मते आपल्या दिवसाचा खरा ऐवज इथे आहे. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, दोन माणसे जेमतेम शेजारून जातील असे बोळ आणि दारादारावर टांगलेले कागदी तारे. इथली जुनी वस्ती ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. ही मंडळी मूळची याच किनाऱ्यावरची आणि त्यांची बोली मराठीचीच, त्यामुळे ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजींशी सासूबाईंच्या गप्पा सहज जमतील. नाताळच्या फराळाला इथे कुस्वार म्हणतात. त्यातली नेवरी म्हणजे आपली करंजी, हे त्यांना सांगावेही लागणार नाही. कलकल मात्र नीट पाहण्यासारखे आहे: पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून अंगठ्याने गुंडाळली की रेघारेघांचा छोटा शिंपला तयार होतो, तो तळून साखरेत घोळवतात. कोणी करताना दिसले आणि मुलांना एखादी गोळी वळायला मिळाली, तर घड्याळ बघू नका. एवढे ध्यानात असू द्या की ही राहती घरे आहेत; खिडकीतून डोकावण्याआधी विचारावे आणि दुपारी एक ते चार तिथे रेंगाळू नये.

जेवण गिरगावातच आटोपून चर्नी रोडहून धिमी लोकल पकडा आणि वांद्र्याला पश्चिमेकडे उतरा. दक्षिण मुंबईत ऑटोरिक्षा चालत नाहीत, त्या वांद्र्याला मिळतील. तेव्हा सासूबाईंना चढ चालायला न लावता थेट मोत माउलीपर्यंत, म्हणजे माउंट मेरीपर्यंत, रिक्षाने न्या. आजची इमारत १९०४ ची. बाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घरे, बाळे विकायला असतात. ज्याचे जे मागणे असेल ते माउलीपुढे ठेवायचे, आणि ठेवणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. डिसेंबरअखेरीस सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो, म्हणून समुद्र पाहून साडेसहाला हिल रोडवर सेंट अँड्र्यूज चर्चपाशी या. तिथून चॅपल रोड आणि रनवार या गल्ल्यांतून फिरले म्हणजे रोषणाई झाली. मॉलमधले झाड मी तरी सोडून देईन.

आठला वांद्रे स्थानक गाठा. हार्बर मार्गाची लोकल गाडी न बदलता सीएसएमटीला पोहोचवते, म्हणजे झोपाळलेल्या मुलांना घेऊन दादरचे पूल चढावे लागत नाहीत. रविवार नको म्हटले ते लोकलमुळेच, कारण त्या दिवशी बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा कमी असतात. कुस्वार न्यायचा असेल तर वांद्र्याला पोहोचताच तिथल्या बेकरीतून घ्या, परतताना नव्हे. आणि कलकल डब्यात भरून घ्या, कारण पिशवीतून सोलापूरला पोहोचेपर्यंत त्याचा चुरा होतो.