नगररचनेचे मुख्य सिद्धांत कोणते, आणि गोव्यातल्या पंचायतीला त्यांतले कोणते लागू पडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगररचनेची पुस्तकं शिकागो, लंडन, चंडीगड यांच्याबद्दल बोलतात. आमच्या ग्रामसभेत मात्र शेतातला भराव, डोंगरकापणी आणि झोन बदल यांवरून वाद पेटतो. मग या सिद्धांतांचा आम्हाला उपयोग काय?

उपयोग आहे, पण सगळ्यांचा सारखा नाही. गोव्यापुरता क्रम लावायचा तर आधी जमीन आणि पाणी, मग चालण्याचं अंतर, मग घनता, आणि कुठल्या जमिनीचा काय वापर हे ठरवणारा रंगीत झोन नकाशा सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. भांडण नकाशाच्या रंगावरून सुरू होतं आणि पाण्याची आठवण पहिल्या मोठ्या पावसात होते.

‘आम्ही गाव, आम्हाला नगररचना कशाला’ ही समजूत आधी सोडा. २०११च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली. त्या वेळच्या ७० शहरांपैकी फक्त १४ ठिकाणी नगरपालिका किंवा महापालिका होती. उरलेली ५६ म्हणजे ‘जनगणना शहरं’. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के तरी शेतीबाहेरच्या कामात, या तीन कसोट्यांवर ती शहरं ठरतात. वस्ती शहराची आणि कारभार पंचायतीचा, असा हा प्रकार आहे. गटार, कचरा, पार्किंग हे प्रश्न शहराचे, पण ते सोडवायला माणसं आणि पैसा गावाचा.

पहिला वाचण्यासारखा माणूस स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. १९१४ मध्ये तो भारतात आला, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि त्याने इथल्या कितीतरी शहरांचे अहवाल लिहिले. त्याचा मुख्य आग्रह होता: आधी पाहणी, मग आराखडा. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा नेमकी अडचण करणारी दोन-चार घरं हलवावीत, एखादी विहीर साफ करावी, चौक मोकळा करावा, असं तो सांगायचा. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा उभा छेद काढून कुठल्या उंचीवर कुठला धंदा, कुठली वस्ती हे तो दाखवायचा. हा छेद पूर्ण बघायला गोव्याइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. सत्तरीतला सह्याद्री, खाली कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा), मग जांभ्याची पठारं, पायथ्याच्या झरी, खाजन शेती (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन) आणि मांडवीचं मुख, हे सगळं साठेक किलोमीटरच्या रुंदीत बसलेलं आहे.

त्याच्याच वाटेने पुढे गेला इयान मॅकहार्ग. त्याची १९६९ची पद्धत साधी आहे. उतार, पूरक्षेत्र, जंगल, माती, भूजल अशा प्रत्येक गोष्टीचा वेगळा पारदर्शक नकाशा काढायचा, त्यात जपायची जागा काळी करायची आणि सगळे एकमेकांवर ठेवायचे. जिथे काहीच काळं होत नाही तिथे बांधकाम. गोव्याच्या प्रादेशिक आराखडा २०२१ मधल्या इको-१ आणि इको-२ या जपायच्या जमिनींच्या वर्गांमागे हाच विचार आहे. जंगलं, खाजनं ही इको-१ मध्ये टाकलेली आहेत.

खाजनाचं गणित मात्र आराखड्यात दिसत नाही, ते स्वतः मांडावं लागतं. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची, दारं भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. भरती असताना पावसाचं पाणी बाहेर जाऊच शकत नाही. ते तितके तास खाजनातच थांबतं. म्हणजे खाजन ही साठवणीची जागा आहे. एक हेक्टर खाजनात अर्धा मीटर पाणी उभं राहिलं तर ते ५,००० घनमीटर होतं, दहा हजार लिटरचे ५०० टँकर. तेवढी जागा भराव घालून उंच केली की ते पाणी नाहीसं होत नाही, शेजारच्या वाड्यात शिरतं. भराव टाकणाऱ्याचं घर कोरडं राहतं, म्हणून ‘आमच्याकडे पाणी येत नाही’ हा त्याचा दावा खराच असतो!

आता वरचं पठार. पाऊस किती वाहून येईल याचं ढोबळ सूत्र असं: वाहाव गुणांक (पडलेल्या पावसापैकी न मुरता वाहून जाणारा हिस्सा) गुणिले पावसाची तीव्रता (मिलिमीटर प्रति तास) गुणिले क्षेत्र (हेक्टर), भागिले ३६०. उत्तर घनमीटर प्रति सेकंद. दहा हेक्टर झाडोऱ्याचं पठार, गुणांक ०.३ आणि तासाला ७५ मिलिमीटर पाऊस धरला तर सुमारे ०.६ घनमीटर येतं. त्याच पठारावर छपरं, काँक्रीट आणि पेव्हर आले की गुणांक ०.८ होतो आणि उत्तर १.७ च्या आसपास जातं. खालचा नाला मात्र तेवढाच, वर त्याच्यावर कोणी स्लॅब टाकलेला. दुसरं नुकसान उन्हाळ्यात कळतं. जांभा सच्छिद्र असतो. पठारावर मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि पायथ्याशी झर म्हणून बाहेर येतं. वरचं मुरणं बंद झालं की खालच्या विहिरी लवकर आटतात. पठार ‘पडीक’ म्हणून विकताना हे कोणी बोलत नाही.

एबेनेझर हॉवर्डच्या उद्यान-नगरीबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं, पण अर्धवट. त्याची १८९८ची कल्पना: ६,००० एकर जमीन, त्यातल्या १,००० एकरांत ३०,००० माणसांचं शहर, बाकी शेती आणि तिच्यावर आणखी २,००० माणसं. लेचवर्थ हे पहिलं असं शहर १९०३ मध्ये सुरू झालं. लोकांना त्यातली बाग आठवते. हॉवर्डचा भर मात्र जमीन सामाईक मालकीची असण्यावर होता, म्हणजे वाढत्या भावाचा फायदा वस्तीलाच मिळेल. गांवकारीत, म्हणजे गोव्यातल्या गावांच्या जुन्या जमीन-व्यवस्थेत, असंच काहीसं होतं. जमीन सामाईक, ती लिलावाने कसायला द्यायची, उत्पन्नातून बांध आणि मानशींची डागडुजी करायची, उरलेलं गांवकारांत वाटायचं. ही व्यवस्था खिळखिळी झाली आणि बांधांना वाली उरला नाही.

शहर कसं वाढतं याची मॉडेलं, म्हणजे बर्जेसची वर्तुळं (१९२५), हॉयटचे पट्टे (१९३९), हॅरिस आणि उल्मनची अनेक केंद्रं (१९४५), परीक्षेपुरती वाचा. गोव्याला त्यातलं शेवटचं थोडं जुळतं: पणजीत कचेऱ्या, मडगावात व्यापार, वास्कोत बंदर, म्हापशात शुक्रवारचा बाजार. चंडीगडचं ८०० बाय १,२०० मीटरचं सेक्टर समजून घ्या. आपल्या डोंगरउतारावर ते उतरवायला कोणी सांगितलं तर नको म्हणा.

क्लॅरन्स पेरीचं शेजार-एकक (१९२९) जास्त कामाचं. मध्ये शाळा, पाव मैलात म्हणजे ४०० मीटरच्या आसपास सगळं, साधारण १६० एकर, मोठा रस्ता वस्तीच्या कडेने. आपला वाडा बहुतेक याच मापाचा असतो. फरक इतकाच, की आपल्याकडे मोठा रस्ता वाड्याच्या मधून जातो. अंतर मोजताना कंपासने वर्तुळ काढू नका, पायवाटेने मोजा. सरळ रेषेत ३०० मीटरवर असलेला बसथांबा मध्ये एक कुंपणबंद कॉलनी आली की सहज किलोमीटरभर लांब जातो. म्हणून नव्या भूखंड-विभागणीला परवानगी देताना आरपार पायवाट मागा. नंतर ती मिळत नाही.

जेन जेकब्ज (१९६१) म्हणते: मिश्र वापर, लहान ब्लॉक, जुन्या-नव्या इमारतींची सरमिसळ आणि पुरेशी दाटी. या चारही गोष्टी पाहायच्या तर पणजीतल्या फोंताईन्हासला जा. रस्त्याला लागून घर, खाली बेकरी, वर माणसं, दर थोड्या अंतरावर गल्ली. रस्त्यावर राहणाऱ्यांची नजर असते म्हणून तो सुरक्षित असतो, हे तिचं म्हणणं घरासमोरच्या बलकांवावर (ओसरीवर) बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पण किनारपट्टीवर आज इमारती दाट आणि माणसं विरळ आहेत. दुसरं घर म्हणून घेतलेले फ्लॅट वर्षातले बरेच महिने बंद असतात. कागदावर घनता वाढते, पण खाली दुकान चालत नाही आणि बसला प्रवासी मिळत नाहीत. गटार, पाणी, वीज मात्र भरलेल्या इमारतीच्या हिशोबाने द्यावी लागते. गोव्यात घनतेचा वाद घालताना ‘किती सदनिका’ विचारू नका, किती घरांत बारा महिने माणसं असतील ते विचारा.

एफएआरचं, म्हणजे भूखंडाच्या किती टक्के एकूण बांधकाम करता येतं याचं, गणित एकदा हाताने करून बघा. १,००० चौरस मीटरचा भूखंड, एफएआर ८०, व्याप्ती (जमिनीवर इमारतीने व्यापलेली जागा) ४० टक्के. बांधकाम ८०० चौरस मीटर, जमिनीवर ४००, म्हणजे दोन मजले. ८० चौरस मीटरच्या दहा सदनिका आणि दहा गाड्या धरा. उघड्या पार्किंगला वळायच्या जागेसह गाडीमागे सुमारे २३ चौरस मीटर लागतात, म्हणजे २३० चौरस मीटर. उरलेल्या ६०० चौरस मीटरांतून ते वजा केले की सेटबॅक (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), सेप्टिक टाकी आणि पाणी मुरण्याची जागा ३७० चौरस मीटरांत बसवावी लागते. प्रत्यक्षात सगळं पेव्हर होतं, म्हणून मंजुरीतच ‘उघडी माती इतके टक्के’ अशी अट हवी.

वाहतुकीचं तत्त्व एका ओळीचं आहे: रस्ता वाढवला की गाड्या वाढतात. पणजीला मांडवीवरचा अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. कोंडी पर्वरीकडे सरकली आणि तिथेही उड्डाणपूल हाती घ्यावा लागला. चाळीस माणसं बारा मीटरच्या कदंब बसमध्ये मावतात. तीच गाडीमागे दीड माणूस धरून निघाली तर सत्तावीस गाड्या होतात आणि त्यांची रांग १८० मीटरच्या पुढे जाते. पदपथ मागताना नेमकं मागा: खांब आणि ट्रान्सफॉर्मर वगळून १.८ मीटर मोकळी रुंदी, कडा १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, आणि प्रत्येक फाटकापाशी पदपथ खाली न उतरवता गाडीने वर चढावं. हे शेवटचं जवळपास कुठेच पाळलं जात नाही, म्हणून म्हातारी माणसं रस्त्यावरून चालतात.

झोनिंगची मूळ कल्पना कारखाना घराशेजारी नको इतकी साधी होती. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने ती १९२६ मध्ये उचलून धरली. आपल्याकडे १९७४च्या नगरनियोजन कायद्यात २०१८ पासून १६ बी, १७(२), ३९ ए अशी कलमं आली आणि एकेका भूखंडाचा झोन बदलायची वाट निघाली. ती प्रकरणं न्यायालयात गेली. माझं मत सरळ आहे: भूखंडागणिक बदल झाले की वर सांगितलेली सगळी गणितं निरर्थक ठरतात, कारण पाणी सर्व्हे नंबर बघून वाहत नाही.

हरकत घ्यायची असेल तर एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा), सर्व्हे प्लॅन आणि झोनिंग दाखला काढा, आणि समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा मागा. १:५०,०००च्या टोपोशीटवर भागवू नका. त्यात रेषा २० मीटर उंचीच्या अंतराने असतात, २५ टक्के उताराला नकाशावर जेमतेम १.६ मिलिमीटर मिळतात. एक मीटरच्या रेषा हव्यात. दोन रेषांमध्ये चार मीटरपेक्षा कमी अंतर असेल तिथे उतार २५ टक्क्यांच्या वर. सगळ्यांत नेहमीची चलाखी सरासरी उताराची. शंभर मीटर लांब जागेत वरचे पन्नास मीटर ५ टक्के आणि खालचे पन्नास ३५ टक्के असतील तर सरासरी २० येते आणि डोंगर कागदावर सपाट होतो. म्हणून प्रत्येक तुकड्याचा उतार वेगळा मागा. मोजणीची तारीख बघा, आणि त्याआधीच्या उपग्रह चित्राशी ताडून पाहा. डोंगर कापायला किंवा सखल जागा भरायला कलम १७ ए खाली लेखी परवानगी लागते. ती नसताना आधी कापून मग मोजणी केली असेल, तर हरकतीतला पहिला मुद्दा तोच ठेवा.