गोव्याच्या वीजव्यवस्थेचं मॉडेल करतोयस? आधी पावसाळा मांड

वीजव्यवस्थेचं मॉडेल बनवायला पायपीएसए घे किंवा ओसेमोसिस, दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. निवडीवर वेळ घालवू नकोस, खरं काम वर्षाचे काळाचे तुकडे पाडण्याचं आहे. वर्षाची सरासरी धरलीस तर सौरऊर्जेचं चित्र फसवं दिसेल. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, आणि सातनंतर पॅनेल शून्य असताना घरं-हॉटेलं मात्र वीज ओढतच असतात. म्हणून पावसाळा वेगळा धर, संध्याकाळ वेगळी.

गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते, पश्चिम आणि दक्षिण ग्रिडमधून. आयातीला मर्यादा घातली नाहीस, तर स्वस्त बाहेरची वीज दिसताच सॉल्व्हर (सगळ्यात स्वस्त पर्याय शोधणारा प्रोग्राम) इथे काहीच बांधणार नाही, आळशी असतो तो! बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता टाक आणि त्या मर्यादेची छायाकिंमत जरूर वाच: आणखी एक मेगावॉट मिळाला तर एकूण खर्च किती घटेल, ते तीच सांगते. मोलेच्या जंगलाचं मोल मात्र त्यात आपोआप येत नाही. त्या जंगलातून जाणाऱ्या तमनार वीजवाहिनीवरून वाद पेटला तो त्याचसाठी. जंगलातला मार्ग बंद ठेवून एक वेगळा रन कर.

डिस्काउंट रेट, म्हणजे पुढचा खर्च आजच्या किमतीत मोजायचा दर, 4 आणि 10 टक्के, दोन्ही चालव. सौरचा बहुतेक खर्च सुरुवातीलाच होतो, कोळशाचा वर्षानुवर्षं. निकाल उलटूही शकतो.