'उलटी' नव्हे, 'उणी' मोजणी

नायजेरियातल्या योरुबा भाषेत ४५ म्हणजे 'साठाला दहा कमी, त्यालाही पाच कमी'. अशा मोजण्याला 'उलटी मोजणी' म्हणावं का, असा प्रश्न आला आहे. नाही हो! उलटी मोजणी रॉकेट सोडताना करतात, दहा, नऊ, आठ अशी. योरुबा माणूस सुलटच मोजतो, फक्त त्याचे काही शब्द पुढच्या टप्प्यावर नजर ठेवून घडलेत.

चौदापर्यंत विशेष काही नाही. खरा मासला एकोणिसाचा: ओकान्दिन्लोगुन. ओकान म्हणजे एक, दिन म्हणजे कमी असणं, ओगुन म्हणजे वीस. मधला 'ल' म्हणजे 'नी' (अर्थ 'मध्ये'). 'इ' सोडून इतर स्वरांपुढे त्याचा 'ल' होतो. आता आपलं एकोणीस फोडा. एक, ऊन, वीस. हाडन् हाड तेच! हाच ऊन 'पाऊण'मध्येही आहे (पाद अधिक ऊन). रोज 'पावणेआठ वाजले' म्हणणाऱ्यांनी योरुबांच्या वजाबाकीला विचित्र म्हणावं, याची मला खरंच चीड येते.

आपण मात्र एकच उणा करतो आणि एकोणनव्वदला दमतो; नव्व्याण्णव बेरजेनंच. ते थेट पाचापर्यंत उणे करतात. सोळा म्हणजे वीसला चार कमी, आणि सोळा कवड्या टाकून कौल घेण्याच्या विधीचं नावही याच शब्दावरून पडलंय. साठ ओगोता, त्याला दहा कमी म्हणून पन्नास आदोता, त्याला पाच कमी की पंचेचाळीस.

अडोल्फस मान या मिशनऱ्यानं १८८७ साली या साऱ्याचं मूळ कवड्यांच्या (तिकडचं जुनं चलन) ढिगात शोधलं: मोजताना पाच-पाच कवड्या ओढायच्या, त्यांचे विसाचे ढीग, मग दोनशेचे. तेव्हापासून जो तो त्याचीच री ओढतो. वीस हजाराला 'ओके', म्हणजे (कवड्यांचं) पोतं, म्हणतात. तिथे कवड्या मान्य. पण वजाबाकी? संस्कृतात एकोनविंशति, लॅटिनमध्ये 'उन्देविगिंती', तेही वीसला एक कमी. रोमन लोक कुठे कवड्या ओढत बसले होते? माझ्या मते हा बोलणाऱ्याचा स्वभाव आहे, टप्पा दिसू लागला की तो मागचं मोजत नाही, उरलेलं सांगतो. स्टेशन जवळ आलं की आपणही 'दोन मिनिटं राहिली' म्हणतो, 'अठ्ठावन्न झाली' नाही.

बाकी त्या कवड्यांपैकी पुष्कळशा आपल्या शेजारच्या मालदीवच्या, जहाजांतून तिकडे गेलेल्या. आपल्याकडे मात्र कवडीमोल.