इटलीने १९१४मध्ये शब्द मोडला का?

प्रश्न : इटली १८८२पासून जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीचा करारबद्ध मित्र. मग ऑगस्ट १९१४मध्ये, पहिले महायुद्ध पेटले तेव्हा, तो तटस्थ का राहिला? हा विश्वासघात नव्हे?

उत्तर : कराराच्या शब्दांनुसार तरी नव्हे. चिथावणी न देता मित्रावर हल्ला झाला, तरच मदतीचे बंधन होते. इथे २८ जुलैला सर्बियाविरुद्ध युद्ध ऑस्ट्रियानेच पुकारले. शिवाय सातव्या कलमानुसार बाल्कनमध्ये हालचाल करण्याआधी ऑस्ट्रियाने इटलीशी बोलणे आणि मोबदला ठरवणे आवश्यक होते. सर्बियाला धाडलेला २३ जुलैचा निर्वाणीचा खलिता रोमला न विचारताच गेला. ३ ऑगस्टला इटलीने तटस्थता जाहीर केली. ब्रिटिश नौदलापुढे लांबलचक उघडा किनारा आणि ब्रिटिश कोळशावरची भिस्त, ही कारणेही तितकीच खरी. नैतिक प्रश्न उभा राहतो तो पुढे, २६ एप्रिल १९१५च्या लंडनमधील गुप्त कराराने. त्यात प्रदेशांच्या आश्वासनावर इटलीने बाजू बदलली व ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाला साथ देण्याचे मान्य केले.