वर्ड्‌स्वर्थच्या ‘द सॉलिटरी रीपर’मध्ये गाण्याचे शब्दच कळत नाहीत, मग कविता कशाबद्दल आहे?
न कळण्यातच या कवितेचा जीव आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात एक मुलगी एकटीच वाकून कापणी करतेय, गातेय. गाणं गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक भाषेत, जी कवीला कळत नाही. कवी नुसते अंदाज बांधतो: जुन्या लढाया असतील, की रोजचंच एखादं दुःख? शब्द नाहीत, म्हणून सूर तेवढा उरतो.

आता क्रियापदं बघा, मला तीच फार आवडतात. सुरुवातीला ‘बघ’, ‘थांब’, ‘ऐक’, सगळं डोळ्यांसमोर. शेवटच्या कडव्यात मात्र ‘गायली’, ‘ऐकलं’. मुलगी केव्हाच मागे पडलीय, आपण आठवणीत उभे आहोत. वर्ड्‌स्वर्थचा स्कॉटलंडचा प्रवास १८०३ चा, कविता १८०५ ची. शिवाय ती सुचली मित्र थॉमस विल्किन्सनच्या प्रवासवर्णनातल्या एका वाक्यावरून.