मासे-मटण सोडलं तर महिन्याला खरंच 9 हजार वाचतील का?

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात चौघं, त्या, मिस्टर, नववीतला मुलगा आणि सासूबाई. दोघांचा मिळून पगार हातात 92 हजार. मासे 5,200, चिकन-मटण 3,100, अंडी 700, म्हणजे घरचं नॉनव्हेज महिन्याला 9,000 आणि बाहेरून मागवलेलं 2,400 वेगळं. त्या म्हणतात, श्रावण तर आम्ही पाळतोच, मग बाराही महिने पाळून हे 9,000 मुलाच्या कॉलेजसाठी एसआयपीत, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात, टाकले तर?

ताई, तुम्ही श्रावणाचा हिशोब सोबत जोडलात ते फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. श्रावणात 9,000 वाचले बरोबर, पण किराणा 2,200 नी वाढला, दूध-दही-पनीर 1,900 नी, भाजी 1,100 नी आणि मुलाला घरचं कंटाळवाणं झालं म्हणून बाहेरचं 2,400 चं 3,100 झालं. म्हणजे एकीकडून 9,000 सुटले आणि दुसरीकडून 5,900 गेले, हातात राहिले 3,100. किराण्यातले 900 साबुदाणा, राजगिरा, खजूर असे उपवासाचे आहेत, ते इतर महिन्यात लागणार नाहीत, म्हणून 4,000 धरा. त्याच्यावर एक रुपया धरू नका.

आता हे 5,900 गेले कुठे ते बघा, कारण बहुतेक घरात इथेच गणित फसतं. आपण मांसाहार सोडला की लगेच पनीरकडे वळतो. तुम्ही महिन्याला 6 किलो चिकन आणता, हाडं वगळून साधारण 4 किलो मांस, त्यात 800 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, खर्च 1,500. तेवढंच प्रोटीन पनीरमधून घ्यायचं तर साडेचार किलो लागेल आणि तुमच्या डेअरीच्या 420 च्या भावाने ते 1,900 ला पडतं, म्हणजे चिकनपेक्षा महाग! तेच काळे वाटाणे, हरभरे, मूग, मसूर यातून घेतलं तर 4 किलोच्या आत काम होतं आणि पाचशेच्या आत भागतं. सोयाच्या वड्यांत तर शंभर ग्रॅमला 50 ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, त्याहून स्वस्त काही नाही, पण रोज सोया कोणी खात नाही, आठवड्यातून एकदा खिमा करा, तेवढंच. आणि ते फ्रोजनमध्ये मिळणारं व्हेज चिकन, व्हेज सीख वगैरे आणू नका, किलोच्या हिशोबाने ते खऱ्या चिकनपेक्षा महाग पडतं.

अंडी मात्र सोडू नका असं मी अगदी मनापासून सांगते. तुमच्या 700 रुपयांत शंभरेक अंडी येतात, एका अंड्यात 6 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे 600 ग्रॅम. तेवढ्याच पैशात पनीरमधून जेमतेम 300 मिळेल. मुलगा कबड्डी खेळतो म्हणालात, त्याच्या ताटात काटकसर करायची नाही. सासूबाईंना शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे, त्या गोळीने बी-12 कमी होऊ शकतं आणि बी-12 डाळी-भाज्यांतून मिळत नाही, दूध-अंडी-मासे-मटण यातूनच मिळतं. त्यामुळे त्यांचे मासे बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि एकदा रक्त तपासून घ्या.

आता चवीचं. हा पैशाचाच प्रश्न आहे, कारण घरातलं जेवण आवडलं नाही की लोक फोन उचलतात आणि एका ऑर्डरमध्ये आठवड्याची बचत जाते. तुमचं श्रावणातलं बाहेरचं बिल याच कारणाने वाढलंय. मालवणी घरात रविवारी कालवण नाही म्हणजे सगळ्यांचे चेहरे कसे होतात हे मी काय सांगू, आणि तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीला दुसरा पर्याय नाही हेही खरं. पण आपल्याकडे बिनमासळीचं तोडीचं जेवण आहे, ते फक्त सणापुरतं ठेवलंय. काळ्या वाटाण्याचं सांबारं करा, वाटाणे रात्रभर भिजवून, कांदा-खोबरं अगदी काळपट होईपर्यंत भाजून वाटप, मालवणी मसाला हात न आखडता आणि सोबत वडे, मटणाची आठवण येणार नाही असं म्हणत नाही पण ताट रिकामं परत येईल. सुरणाचे जाड काप करा, चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात ठेवा म्हणजे खाजणार नाहीत, मग हळद, तिखट, मीठ लावून तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून तव्यावर कमी तेलात खरपूस, सुरमईसारखेच दिसतात आणि कुरकुरीतही तसेच. फणसाची भाजी, वालाचं बिरडं हेही आहेच. फक्त ओल्या काजूच्या उसळीच्या नादी लागू नका, ती मटणाच्या भावात जाते.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. तुमच्या 5,200 च्या मासळीत 3,400 नुसते पापलेट-सुरमईचे आहेत, बांगडा-मांदेली-बोंबील सगळे मिळून 1,800! आणि चिकन-मटणाच्या 3,100 मध्ये 2 किलो मटणाचेच 1,600. म्हणजे भार दोन-तीन गोष्टींचाच आहे. पापलेट-सुरमई आणि मटण दोन्ही निम्म्यावर आणा, 2,500 सुटतात, त्या जागी 500 चे बांगडे नाहीतर अंडी आणा, निव्वळ 2,000. बाहेरचं निम्मं करा, अजून 1,200. झाले 3,200. सगळं सोडून 4,000 आणि काहीच न सोडता 3,200, फरक 800 चा, त्यासाठी सासूबाईंच्या ताटातला मासा काढायचा का हे तुम्ही घरात बसून ठरवा. मनापासून शाकाहारी व्हायचं असेल तर जरूर व्हा, त्याला पैशाचं कारण लागत नाही. पण केवळ फीसाठी म्हणून असेल तर मी दुसरा रस्ता घ्या म्हणेन, कारण तो चार वर्षं टिकेल.

बचत मोजायला जून-जुलै घेऊ नका, मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी आणि महाग, आकडे फसवे येतात. तसंही तेव्हा मे महिन्यात भरून ठेवलेली सुकट आणि सुके बोंबील कामाला येतात.

आणि एसआयपीबद्दल. मुलाची बारावी चार वर्षांत होते, फी तेव्हा भरायचीच आहे, ती पुढे ढकलता येत नाही. इतक्या कमी मुदतीचे पैसे इक्विटी म्हणजे शेअर्सच्या फंडात नकोत, नेमकं फीच्या वर्षी मार्केट पडलं तर? सरळ बँकेत रिकरिंग डिपॉझिट (आरडी) करा. साडेसहा टक्के धरले तर महिना 3,200 चे चार वर्षांत साधारण पावणेदोन लाख होतात, 4,000 चे दोन लाख 18 हजार. तुमच्या मनातल्या 9,000 चे पाच लाखाच्या जवळ गेले असते, पण ते 9,000 तुमच्याकडे सुटत नाहीयेत हे आत्ताच कळलेलं बरं. व्याजावर टॅक्स लागतो तोही लक्षात ठेवा. उरलेली फी एज्युकेशन लोनमधून की मिस्टरांच्या बोनसमधून, ते आजपासूनच बोलायला घ्या.

आधी तीन महिने नवीन पद्धतीने चालवा, आरडी 2,500 ची उघडा, पगार 1 तारखेला होतो ना, मग हप्ता 3 तारखेला कापला जाऊ दे. आरडीचा हप्ता मध्येच वाढवता येत नाही बहुतेक बँकांत, म्हणून तीन महिन्यांनी पैसे खरंच उरताना दिसले तर 700 ची दुसरी उघडा. तोवर मासे, मटण, डेअरी आणि बाहेरचं असे चार आकडे वेगळे लिहीत जा, किराण्यात मिसळू नका.