नातीची ‘माई’ कायद्याच्या लेखी कोण?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात अकरा वर्षांपासून तिच्या मैत्रिणीबरोबर संसार करते आहे. चार वर्षांपूर्वी तिने एकल पालक म्हणून रीतसर मुलगी दत्तक घेतली. नात आता सहा वर्षांची आहे. ती माझ्या मुलीला ‘आई’ आणि दुसरीला ‘माई’ म्हणते. उद्या माझ्या मुलीचे काही बरेवाईट झाले, तर नात कोणाकडे राहील? आणि ‘ही दुसरी कोण?’ असे नातेवाईक विचारतात, तेव्हा मी काय सांगावे? – एक आजी, सांगली

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे आजचे उत्तर सुखावणारे नाही. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार एकटी स्त्री मूल दत्तक घेऊ शकते. जोडप्याला मात्र किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन दाखवावे लागते, आणि या दोघींना लग्नच करता येत नसल्याने त्या एकत्रितपणे दत्तक घेऊ शकत नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. दत्तकाच्या या अटीवर मात्र त्यांच्यात दुमत होते. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांना ती भेदभाव करणारी वाटली, पण तिघांच्या बहुमताने ती कायम राहिली. पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे जिने तापात रात्र रात्र जागून काढली, ती माई कायद्याच्या लेखी आपल्या नातीची कोणीच नाही. हे मला अन्यायाचे वाटते आणि तसे स्पष्ट लिहिणे मी माझे कर्तव्य समजते.

तरीही हातात काहीच नाही, असे नाही. आई हयात नसेल तर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाचा पालक न्यायालय १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली नेमते, आणि तो नेमताना मुलाचे हित, मृत आईची इच्छा, होऊ घातलेल्या पालकाचे मुलाशी आधीपासूनचे संबंध आणि कायद्याने मानलेल्या नात्याची जवळीक या सगळ्याचा विचार करते. म्हणून आपल्या मुलीने मृत्युपत्रात माईला पालक नेमण्याची इच्छा नि:संदिग्ध शब्दांत नोंदवावी, आणि शाळेत व डॉक्टरांकडे माईच्या नावाचे लेखी अधिकारपत्र आजच द्यावे. हे कागद पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

माईनेही स्वतःचे मृत्युपत्र करायला हवे, याकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते. ते नसेल तर तिची मिळकत तिच्या माहेरच्या वारसांकडे जाईल, कारण नात तिची कायदेशीर वारस ठरत नाही. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. या सोयीचा लाभ जरूर घ्यावा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्राची गरज त्याने संपत नाही.

आता आपल्याविषयी. नात्याची जवळीक न्यायालय पाहते, तेव्हा ते नाते आजीचे, म्हणजे आपले असते. उद्या कुटुंबातील कोणी ताबा मागितला, तर ‘नात माईकडेच राहावी’ हा आपला शब्द फार मोलाचा ठरेल. तो आपण प्रतिज्ञापत्रावर आजच लिहून ठेवू शकता. कुटुंबन्यायालयाचा अनुभव असलेल्या वकिलाकडून दोघींची मृत्युपत्रे आणि आपले प्रतिज्ञापत्र अशा तिन्ही कागदांचे मसुदे एकाच वेळी करून घ्यावेत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. नातेवाईक तो प्रश्न विचारतात, तेव्हा सहा वर्षांची नात बहुधा तिथेच कुठे तरी खेळत असते आणि आजी काय म्हणते ते ऐकत असते. ‘मैत्रीण आहे’ असे सांगून आपण विषय बदललात, तर तेही तिच्या लक्षात येईल. तेव्हा तिच्यासमोर ‘ही आमच्या नातीची माई’ असेच सांगावे, आणि घरच्या पुढच्या कार्याचे आमंत्रण दोघींच्या नावाने द्यावे.